फळी आत

दिनांक ९ ऑक्टोबर २०२३, रुपये बारा हजार सातशे चाळीस. गणराजच्या अभ्यासक्रमाची फी म्हणून कंपनीने ही रक्कम भरली. व्हाउचर मी केलं आणि करतानाच मला शंका आली. आमचे शेठ जेटीवर नवा झाडू घ्यायचा तर आधी जुना दाखवायला सांगतात. त्यांनी एका सुपरवायझरच्या शिक्षणावर एवढे पैसे का घालावेत?

आमची लाँच कंपनी लहान आहे. अलिबागला ऑफिस, तिथे मी हिशेब पाहतो, आणि मांडव्याला तिकीट खिडकी नि दोन लाँची. मे अखेर समुद्र खवळू लागला की सेवा बंद होते, ती सप्टेंबरात पुन्हा सुरू. मधल्या तीन महिन्यांत जेटीवरच्या माणसांना पगार नसतो. ऑगस्टच्या शेवटी शेठ एकेकाला फोन करतात. फोन आला तो कामावर. ज्याला येत नाही त्याला कारणही कळत नाही. त्यामुळे जेटीवरचा माणूस वर्षभर एकच काळजी घेतो: बऱ्यावाईट कशातही आपलं नाव निघता कामा नये.

गणराजही याच फोनवर जगणारा. वय त्रेचाळीस, राहणार चौल. वडिलांची भातशेती दोन भावांत वाटली गेल्यावर त्याच्या वाट्याला फारसं काही उरलं नाही. बारावी करून तो लाँचीवर खलाशी म्हणून लागला, मग तिकिटावर, मग सुपरवायझर. शर्ट नेहमी इस्त्रीचा. जेटीचा मॅनेजर व्हायचं तर सर्टिफिकेट लागेल, असं शेठनी सांगितल्यावर हा दर रविवारी अलिबागला एका संस्थेच्या वर्गाला बसू लागला. विषय दोन, ज्ञान व्यवस्थापन आणि कामाच्या जागी नेतृत्व.

सोमवारी मी रोकड जुळवायला मांडव्याला जात असे. एका सोमवारी पाहिलं तर पहिल्या फेरीआधी सगळे गोल करून उभे, हातात चहाचे ग्लास, मध्ये गणराज.

"माणसाच्या डोक्यात जे असतं ते तो गेला की त्याच्याबरोबर जातं. म्हणून ते एकमेकांना सांगायचं. रोज पाच मिनिटं. काल काय चुकलं, एवढंच सांगायचं."

सदा नावाचा खलाशी दोराच्या वेटोळ्यावर बसला होता. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या डोक्यातला तुमी काढून घेनार, आनि मग आमाला घरी पाठवनार. असाच ना, गणादादा?"

"तसं नाही रे."

"आनि दुसरा विषय काय म्हणालास? नेतृत्व? इलेक्शनला उभा रहतोस का काय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण सदाचा पहिला प्रश्न मला बरोबर वाटला.

मग रोज चुका निघू लागल्या. तिकीट खिडकीवरचा कोंडाजी म्हणाला, "काल एका बाईला मी ताई म्हटलं, म्याडम म्हणायला पायजे होतं." उतारूंसाठी लाँचीला फळी लावणारा शिवदास म्हणाला, "माझी एकच चूक हाय. मी या मीटिंगला आलो." एकाने बायकोशी भांडल्याचं सांगितलं. दीड महिना असंच चाललं. खरी चूक एकही नाही. चहाचे पैसे गणराज स्वतःच्या खिशातून देत होता. व्हाउचर दे, मी शेठची सही घेतो, असं मी त्याला सांगितलं आणि त्याने एक करून दिलं. एवढा खर्च करतोय म्हणजे माझ्या कानावर न आलेला काही फायदा याला असणार, असंही मनात आलं.

जानेवारीत एके दिवशी तो म्हणाला, "आज मी सांगतो. काल शेवटच्या फेरीला लाइफजॅकेटची पेटी न उघडताच मी तपासल्याची सही केली." कोणी हसलं नाही. कोंडाजीने ग्लास खाली ठेवला. गणराज पेटीपाशी गेला, सर्वांसमोर उघडली, जॅकेटं मोजली आणि पुन्हा सही केली.

दोन दिवसांनी सदा बोलला. आदल्या संध्याकाळी लाँच धक्क्याला लागून माणसं उतरत असताना त्याने मागचा दोर आधीच सोडला होता. लाँच जराशी हलली आणि फळी सरकली. मूल कडेवर घेतलेल्या एका बाईचा पाय फटीत गेला. सदाने तिला दंडाला धरून वर ओढलं. चप्पल तेवढी पाण्यात पडली. बाई घाबरून हसली आणि निघून गेली, तक्रार झाली नाही.

"मना वाटला सगली उतरली," सदा म्हणाला. "शिवदासनी फळी घेतली असंल असा वाटला."

"आणि मला वाटलं दोर बांधलेलाच हाय," शिवदास म्हणाला.

त्या सकाळी ठरलं की फळीवाल्याने फळी ओढून घेतली की "फळी आत" असं ओरडायचं आणि त्याशिवाय दोराला हात लावायचा नाही. पहिले चार दिवस ओरडताना शिवदासला लाज वाटत होती. मग सवय झाली.

एप्रिलमध्ये गणराजच्या परीक्षेचा शेवटचा भाग आला. आपण काय शिकलो आणि ते कामावर कसं वापरलं, यावर दहा पानी लेख लिहायचा होता. त्याने मनापासून लिहिला. दोर, फळी, चप्पल, सगळं आलं. कोणाचं नाव घातलं नाही, "एक खलाशी" एवढंच. संस्थेत त्याला पहिला वर्ग मिळाला.

संस्थेची पद्धत अशी, की फी ज्याने भरली त्याला लेखाची प्रत जाते. हे गणराजच्या ध्यानीमनी नव्हतं. मे महिन्यात शेठनी त्याला ऑफिसात बोलावलं तेव्हा मी समोरच्या टेबलावर होतो. शेठच्या हातात ती दहा पानं होती.

"छान लिहिलंय," शेठ म्हणाले. "हा खलाशी कोण?"

गणराजचा चेहरा उतरला. "शेठ, जेटीवर जबाबदार मी होतो."

"जबाबदार कोण ते नाही विचारलं. दोर कोणी सोडला?"

"त्यानंतर एकदाही तसं झालं नाही. त्याने सांगितलं म्हणून तर बंद झालं."

"उद्या ती बाई वकील घेऊन आली तर? नाव सांग. ऑगस्टमध्ये तुला मॅनेजर म्हणून फोन करतो. नाही सांगितलंस तर फोनची वाट बघू नकोस."

गणराजने शेठच्या हातातल्या पानांकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. घरी बायको पूनम, दोन मुलं, हा कसा गप्प राहील? तो "येतो शेठ" म्हणाला आणि जिना उतरून गेला.

ऑगस्टमध्ये बाकी सर्वांना फोन आले. सदाला आला, शिवदासला आला. गणराजला आला नाही. मॅनेजर म्हणून शेठचा भाचा निकेत बसला.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मी मांडव्याला गेलो. लेखातल्या चपलेची गोष्ट निकेतकडून जेटीभर झाली होती. सदा म्हणाला, "बघा काका, आमच्या चुका लिवून पास झाला आनि गेला मुंबईला मोठ्या पगारावर. मी पैल्याच दिवशी बोललो होतो."

"मुंबईला गेला नाही. त्याला काढलंय. तुझं नाव सांगितलं नाही म्हणून काढलंय."

"नाव न्हाय सांगितला? मग शेठला चप्पलचा कसा कलला?"

"लेखात होतं. पण नाव नव्हतं."

"लिवला तर त्यानीच ना?" सदाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी ऑफिसवाले. तुमाला कोनी पाठवला हे सांगायला?"

मीटिंग बंद झाली होती आणि चहाही. लाँच धक्क्याला लागली, माणसं उतरली, शिवदासने फळी ओढली आणि "फळी आत" म्हणून ओरडला. तेव्हा कुठे सदा उठून दोराकडे गेला.

गणराज आता मेहुण्याची रिक्षा चालवतो, रेवदंडा ते अलिबाग. गेल्या महिन्यात मला रेवदंड्याहून यायचं होतं, नेमकी त्याचीच रिक्षा मिळाली. शर्ट इस्त्रीचाच होता. चौलच्या सुपारीच्या वाड्या मागे पडल्या.

मग तो म्हणाला, "काका, आम्हाला शिकवलं, की माणसं का बोलत नाहीत हे आधी स्वतःला विचारा. मी विचारलं, ती बोललीही. पण ऐकलेलं कुठे ठेवायचं हे कोणी शिकवलं नाही. मला वाटलं, परीक्षेचा पेपर सर सोडून कोण वाचतो?"

"सदाला एकदा भेट."

"भेटलो. मी नमस्कार केला, तो बोलला नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "फळी आत म्हणतात अजून?"

"प्रत्येक फेरीला."

त्याने मान हलवली. अलिबाग स्टँडला मी उतरलो, भाडं दिलं, त्याने सुटे परत दिले. मग म्हणाला, "चहाच्या व्हाउचरवर सही झाली का हो?"

मी नाही म्हटलं. मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. गणराजचे चहाचे आठशे सोळा रुपये कंपनीकडून अजून येणे आहेत.