डावी बाजू माझी, उजवी उखर्डूची

उखर्डूभाऊला सिनेमाचं वेड नव्हतं. हे आधी सांगतो, कारण आमच्या डाळमिलमध्ये पुढं तशी बोलवा झाली.

जळगावला आम्ही दोघांनी हमालीत आयुष्य काढलं. तो टोळीचा मुकादम, मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. शंभर किलोचं पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून चढायचं, थप्पीवर टाकायचं. टोळीचा एक नियम होता. पाठीवर घेतलेलं पोतं मध्येच खाली ठेवायचं नाही. ठेवलं की पुन्हा चढवायला दोन माणसं लागतात आणि मागची रांग अडते. नियम उखर्डूचाच होता आणि तो बरोबर होता.

त्याचा धाकटा भाऊ अभिमन आमच्याच टोळीत होता. चौऱ्याऐंशी साली एका दुपारी अभिमननं फळीच्या तोंडाशी येऊन पोतं खाली ठेवलं. उखर्डू सगळ्यांदेखत म्हणाला, "हाई काम तुनं नही. घर जाय, आईले दळू लाग."

टोळी हसली. मीही हसलो. अभिमन गेला तो गेलाच. त्यांची आई भिकुबाई धरणगावला राहायची. ती आली तेव्हा कळलं की त्याला तीन दिवस ताप होता. त्यानं आईला सांगितलं होतं, भावाला नाही.

दोन वर्षांनी आईच्या नावानं मुंबईचं कार्ड आलं. मीच वाचून दाखवलं. 'मी बरा आहे. एका सिनेमात गर्दीत काम केलं. पोतं उचलायचं होतं. आखाजीपर्यंत सिनेमा लागेल.' पत्ता नाही. सिनेमाचं नावही नाही.

त्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर मिलची मोटार जळाली आणि आठवडाभर काम बंद पडलं. उखर्डू माझ्याकडं आला. "निंबा, जळगावात लागेल बठ्ठा सिनेमा देखना शेत. एका माणसाला सगळं झेपायचं नाही. तू पडद्यानी डावी बाजू देख, मी उजवी देखस."

म्हणून त्या आठवड्यातल्या सिनेमांबद्दल माझी मतं आहेत ती डाव्या अर्ध्या भागाबद्दल आहेत.

शनिवारी डाकूंचा पाहिला. डाकू गोदाम लुटतात आणि ज्वारीची पोती एका हातानं घोड्यावर टाकतात. उखर्डू मोठ्यानं म्हणाला, "रिकामं शे!" मागून कुणीतरी ओरडलं, "ओ नाना, तुम्ही मोजायला आले का बघायला?" घोडे मात्र चांगले होते. खऱ्या कामाला त्या सिनेमात घोडेच होते.

रविवारी बाराच्या खेळाला देवांचा. स्वर्गात हमाल नसतात, मी मध्यंतरात निघू म्हणालो. पण सैन्य होतं, म्हणून उखर्डू उठेना. सगळ्यांची तोंडं मुकुटात झाकलेली. थेटरातले पंखे चांगले होते.

सोमवारचा घरगुती सिनेमा. सगळा एका बंगल्यात. माझ्या बाजूला जिना होता. तीन तास मी जिना पाहिला. मागच्या बायका हुंदके देत होत्या, तेव्हा जिन्याकडं बघता बघता माझेही डोळे भरले, ते का ते कळलं नाही. बाहेर आल्यावर उखर्डू म्हणाला, "इतकी माणसं जेवली, रांधणारी बाई एकदाही दाखवली नाही."

मंगळवारी मराठी विनोदी लागला होता. मला हसू आवरेना. त्यानं कोपर मारलं. "हासू नको रे, डावीकडं देख."

बुधवारी आखाजी. भिकुबाईनं धरणगावहून येऊन खापरावर मांडे केले होते. उखर्डूनं अर्धा मांडा ताटात ठेवला आणि उठला. आईनं विचारलं, "दिसना का रे?" तो म्हणाला, "दिसेल." त्या दिवशीचा सिनेमा बर्फातला, प्रेमाचा. नायकाला कामधंदा काय, ते शेवटपर्यंत कळत नाही. पण त्यात जी मुलगी नाचली ती मनापासून नाचली. तिच्या मानेवर घाम दिसला. बर्फातही. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.

गुरुवारी एकच राहिला होता. त्यात नायक मार्केटातला हमाल. त्यानं पोतं मानेवर घेतलं, गळ्यात हार घालावा तसं, आणि भाषण करत उभा राहिला. बाकीच्यांची पोतीही भुशाचीच, कोपरे लोंबत होते.

तेवढ्यात डावीकडून एक माणूस आला. पाठमोरा. कंबर पाहिजे तेवढीच वाकलेली, गुडघे सैल, एका हातानं पोत्याचा कान घट्ट धरलेला. पाऊल टाकून वजन बसू द्यायचं, मग दुसरं टाकायचं, अशी चाल. ही आमच्या फळीवरची चाल. उखर्डूनं टोळीला शिकवलेली.

"भाऊ, आला," मी म्हणालो. "तुझ्याकडं येतोय."

तो माणूस नायकाच्या मागं गेला. तिथं माझी बाजू संपली. उखर्डू उभा राहिला आणि मी पडद्याकडं बघायचं सोडून त्याच्याकडं बघितलं. मागचे ओरडत होते. तो सावकाश खाली बसला.

"मना भाऊ शे तो. गोदामाच्या दारापर्यंत गेला. खाले ठेवं नही त्यानी."

"तोंड दिसलं?"

"तोंड कोण देखस? पाय देख ना."

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो तर सिनेमा बदललेला. शुक्रवार होता, आमच्या ध्यानातच आलं नाही. शुक्रवारी पाटी बदलते हे जळगावात पोराटोरांना माहीत असतं. आम्ही आठवडाभर सिनेमे पाहिले आणि तेवढंच विसरलो.

मग उखर्डूनं वर्षभर वाट पाहिली. मोठ्या गावातून उतरलेला सिनेमा लहान गावांत फिरत येतो. पुढच्या उन्हाळ्यात तो बोदवडला लागला. आम्ही तिघं गाडीनं गेलो. भिकुबाई आयुष्यात पहिल्यांदा थेटरात बसली. उखर्डूनं तिला मध्ये बसवलं. "आई, डाव्या हाताकडून येईल."

आला. पाठमोरा, गुडघे सैल. दोन पावलं टाकली, तिसरं उचललं आणि पडद्यावर एकदम पांढऱ्या रेघा आल्या. रेघा गेल्या तेव्हा नायक कोर्टात उभा होता. पट्टी वर्षभर गावोगाव फिरून तुटली होती, जोडताना तेवढा तुकडा गेला होता.

आम्ही शेवटपर्यंत बसलो. परत यायच्या गाडीला वेळ होता. स्टेशनवरच्या बाकड्यावर बसलो. मग भिकुबाई म्हणाली, "थकेल दिसना रे मना आंडोर, मना पोऱ्या."

"नाही आई," उखर्डू म्हणाला. "पोचवलं त्यानं. इथं दाखवलं नाही, पण पोचवलं. मध्ये नाही ठेवलं." मग तो माझ्याकडं वळला. पोतं पाठीवर असताना चेहरा होतो तसा त्याचा चेहरा झाला होता. "निंबा, जळगावला तू पाहिलंस ना?"

"पाहिलं," मी म्हणालो.

"दारापर्यंत?"

"दारापर्यंत."