किडेकाकूंचे चार वाफे

सगळी आळी तिला किडेकाकू म्हणायची, आणि त्यात आळीचा काहीच दोष नव्हता. भाजी निवडताना अळी निघाली की इतर बायका किंचाळतात. ही चष्मा शोधते. नवरा गेल्यापासून भाजीचा मळा धाकटा दीर बघत होता. यंदा तिने हट्टाने कोबीचे चार वाफे मागून घेतले. औषध मारायचं नाही, एवढीच अट.

"मावा पडला की मी पंप आणणार, वहिनी. मग रडायचं नाही," दीर म्हणाला.

मावा पडलाच. पानांमागे रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, राख फासल्यासारखा थर, आणि त्यात काळ्या, काटेरी अळ्या. काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस उकिडवं बसून तिने अळ्या वेचल्या आणि चपलेखाली चिरडल्या. चौथ्या वाफ्यापाशी कंबरच धरली, म्हणून तो राहिला. खताच्या दुकानात दाखवायला चार अळ्या तेवढ्या पानासकट बरणीत भरल्या.

दुकानात जाणं आज-उद्या करत लांबलं. आठवड्याने बघते तो पानावरचा मावा साफ, आणि झाकणाखाली अळीच्या फुटक्या कोशाला बिलगून लाल, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा. हा तिच्या चांगल्या ओळखीचा, मावा खाऊन जगणारा. पण त्याची पोरं अशी भुतासारखी दिसतात हे तिला पन्नाशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याच राखणदारांची पोरं आपण मारली, या विचाराने तिला रडू फुटलं.

नेमका तेव्हाच दीर पंप पाठीला लावून हजर! काकू डोळे पुसत बांधावर आडवी उभी राहिली. बरणी दाखवून सगळं कबूल केलं. "चूक माझी आहे, भाऊजी, या किड्यांची नाही. आठ दिवस द्या. नाही जमलं तर मीच पंप मारते."

दिराने कपाळावर हात मारला, पण आठ दिवस दिले.

चौथ्या वाफ्यातल्या अळ्या मावा खात शेजारच्या वाफ्यांत पसरल्या. आठव्या दिवशी कोबीची वरची पानं खराब होती, गड्डे मात्र स्वच्छ. दीर एकेक पान उलटून बघत होता. एक काटेरी अळी त्याच्या बोटावर चढली.

"किती मारल्या तुम्ही, वहिनी?"

"दीडदोनशे तरी असतील."

त्याने बोट हळूच पानाला टेकवलं.

"तुम्ही दोनच दिवस मारल्या. मी वीस वर्षं मारतोय," तो म्हणाला, आणि अळी पानावर उतरेपर्यंत बोट तसंच धरून बसला.