‘चर्चा करावी’ असा शेरा

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. त्या येमेनच्या विद्यार्थ्याकडे खरंच पैसे नव्हते, हे मला वित्त समितीच्या बैठकीच्या आधीच कळलं होतं.

मी विद्यापीठाच्या वित्त विभागात अधिकारी. त्याच्या देशातल्या युद्धानंतर तिकडच्या सरकारची शिष्यवृत्ती बंद पडली आणि त्याची पीएचडीची फी थकली. फी भरल्याशिवाय व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, नाही, आणि व्हिसा तर संपत आलेला. फी नंतर घेऊ, व्हायवा होऊ द्या, असा प्रस्ताव वित्त समितीसाठी माझ्या टेबलावर आला. मला भरवसा नव्हता. युद्धाचं नाव सांगून कोण काय माफ करून घेईल, सांगता येत नाही. त्यातच गारखेड्यात एका खासगी दवाखान्यासमोर तो कोट घालून मोठ्या गाडीतून उतरताना दिसला. दुसऱ्या दिवशी मी प्रस्तावावर शेरा मारला, ‘चर्चा करावी’. तोंडावर नकार द्यायचा नसला की आमच्याकडं हेच लिहितात. मग चर्चा होत नाही आणि कागद हलत नाही.

आमच्या विभागातल्या क्लार्क बाई कन्नड तालुक्यातल्या, तोंडाच्या फटकळ. म्हणाल्या, "सर, चर्चा कुणाशी करायची ते तरी सांगा. खुर्च्या मांडून ठेवते."

"त्याची गाडी बघितली का तुम्ही?"

"गाडी त्याची हाय व्हय? इचारलं का त्याला?"

विचारलं नव्हतं.

पुढं सासूबाईंना त्याच दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं तो एका परदेशी पेशंटच्या खाटेशी उभा राहून डॉक्टरांचं बोलणं अरबीत सांगत होता. गाडी पेशंटला ने-आण करणारी, दवाखान्याची. कोटही इथलाच, नर्स म्हणाली, दुभाष्याला घालायला देतात. त्यानं मला सलाम केला. "साहब, अम्मा कैसी हैं अब?" फीचा विषय काढला नाही. त्याच्याकडे पैसे नाहीत हे तेव्हाच कळलं, तरी विषय न काढण्यातही मला डाव वाटला.

बैठक अजून व्हायची होती. शेरा मागं घ्यायला एक सही पुरली असती. पण स्वतःचाच शेरा फिरवला की ऑफिसात पहिला प्रश्न येतो, किती घेतले? दुसऱ्यांबद्दल तो मीच कितीदा विचारला होता. मी शेरा तसाच ठेवला. प्रस्ताव बैठकीत गेलाच नाही. व्हिसा संपला आणि तो व्हायवा न देता परत गेला.

प्रबंध अजून परीक्षा विभागात पडून आहे. व्हायवा ऑनलाइन घेता येते. तसा प्रस्ताव मीच लिहायला हवा, चूक माझी होती असं त्यात नोंदवून. तो मी अजून लिहिलेला नाही.