गुलाबी गावातली निळी भिंत

नेसरीजवळच्या एका गावात बाळाप्पा विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतो. वय साठीकडे झुकलेलं, बोलणं मोजकं. दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेनं ठराव केला: आदर्श गाव स्पर्धेसाठी सगळी घरं गुलाबी रंगवायची, रंग पंचायत देणार. विरोधात दोनच हात वर झाले, बाळाप्पाचा आणि धैर्यशील सरांचा.

सर गडहिंग्लजला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. त्या दिवसापासून दोघं स्टँडवर रोज चहा घेऊ लागले.

सर सांगायचे, "माणसांना मोकळं सोडलं की गावाचं भलंच होतं. वरून लादलेलं टिकत नाही."

बाळाप्पाचं म्हणणं एवढं लांब नव्हतं. "भिंत माझी हाय. माझ्या मनाविरुद्ध कुणी हात लावायचा न्हाय."

सहा महिन्यांनी गावाला बक्षीस मिळालं. लांबून माणसं बघायला यायला लागली, बचत गटाच्या खानावळीला गिऱ्हाईक वाढलं. सरांनीही घर गुलाबी करून घेतलं.

"फायदा दिसतोय, बाळाप्पा. माझा अंदाज चुकला."

"आणि तोटा झाला असता तर?"

"तर विरोध चालू ठेवला असता."

बाळाप्पानं कप खाली ठेवला. "मग आपलं दोघांचं म्हणणं कधी एक नव्हतंच की."

भांडण झालं नाही. चहा मात्र बंद झाला.

मग सरपंच शालूबाई घरी आल्या. "एकट्या तुमच्या निळ्या घरानं गाव विद्रूप दिसतंय. उद्या माणसं लावून रंगवून घेते."

"माझ्या भिंतीला माझ्या मर्जीशिवाय रंग लागणार न्हाय," बाळाप्पा म्हणाला.

शालूबाई गेल्यावर बायको शिवम्मा चुलीपुढून उठून आली. "घर तुमच्या एकट्याचं हाय व्हय? उताऱ्यावर माझंबी नाव हाय. मला गुलाबी आवडतोय. मला कुणी इचारलं?"

वर्षभर बाळाप्पा 'माझी भिंत' म्हणत आला होता आणि तिला खरंच कधी विचारलं नव्हतं. त्याला ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो पंचायतीत जाऊन रंगाचा डबा घेऊन आला. "ठरावासाठी न्हाय न्यायलोय," त्यानं शालूबाईंना बजावलं.

दाराच्या उजवीकडची भिंत शिवम्माची ठरली. ती त्यानं स्वतः रंगवली, दोन हात देऊन. डावीकडची निळीच राहिली; शालूबाईंनीही मग माणसं पाठवली नाहीत. पाहुणे आता त्याच घरापुढं थांबून फोटो काढतात. बाळाप्पाला ते आवडत नाही. पण रस्ता सगळ्यांचा, म्हणून तो कुणाला हटकत नाही.