थाळनेरच्या वावरात अकरा गाई

ज्या दिवशी कोकिळाबाईंची स्कूटी उशिरा यायची, त्या दिवशी देवपुरातल्या तीन गल्ल्यांचा चहा उशिरा व्हायचा. सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या धुळ्याला आल्या आणि वर्षाच्या आत एक गाय दारात बांधली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच, आणि आता भाड्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा गाई भिंतीकडे तोंड करून उभ्या असायच्या. एक बसली की दुसरीला उभं राहावं लागे. आजूबाजूला नवी अपार्टमेंटं झाली, शेणाच्या वासाच्या तक्रारी सुरू झाल्या. तक्रारी करणारेच सकाळी पातेलं घेऊन जिन्यात उभे असत, म्हणून त्याचं बाईंना फारसं वाटत नसे. वाटायचं ते गाईंचं. गौरी नावाची कालवड त्या शेडमध्येच जन्मली, तिथंच वाढली. तिचे खूर वाढून पुढे वळले, तेव्हा जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, ही कधी चाललीच नाही हो. हिला मुक्तसंचार गोठा पाहिजे. नुसतं कुंपण, सावलीला झाड आणि प्यायला हौद. बाकी तिचं ती बघते."

तेव्हापासून बाईंनी ध्यास घेतला. मोबाईलवर कुणाकुणाचे मोकळे गोठे बघायच्या आणि प्रेमराजभाऊंच्या नाकासमोर धरायच्या. प्रेमराजभाऊ म्हणजे त्यांचे यजमान, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. गेल्या दिवाळीला रिटायर झाले. त्यांच्या मनात लिफ्टवाल्या इमारतीतला फ्लॅट होता.

"आणि गाई कुठं ठेवायच्या? गच्चीवर?" बाई विचारायच्या.

"विकायच्या. किती दिवस धारा काढणार आहेस?"

 त्या दिवशीच्या चहात मग दूध कमी पडायचं.

फेब्रुवारीत कडबा संपत आला. शिरपूर तालुक्यात थाळनेरला स्वस्त मिळतो असं कळलं, म्हणून दोघं टेम्पो घेऊन गेले. थाळनेर म्हणजे तापीच्या काठचं जुनं गाव. एकेकाळी खान्देशचे सुलतान इथून राज्य करायचे. त्यांची दगडी थडगी अजून गावाबाहेर उभी आहेत, आणि किल्ल्याचा राहिलेला बुरूज नदीकडे बघत असतो. कडबा भरून होईतो बाई पाय मोकळे करायला शेतांमधल्या पांदीनं पुढे गेल्या. पांदी संपली तिथं एक वावर लागलं. साडेतीन एकर, नदीकडे अलगद उतरत गेलेलं. बांधावर चार मोठे निंब, मधोमध विहीर, तीन बाजूंनी बाभळीचं जुनं कुंपण. खाली तापी चकाकत होती. बाई नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांना तिथं गाई दिसायला लागल्या होत्या, एकेक, नावानिशी.

निंबाखाली एक म्हातारबाबा खाट टाकून बसले होते. झुलालआबा त्यांचं नाव.

बाईंनी अहिराणीत विचारलं, "आबा, हाई वावर कोन्हं शे?"

"मन्हंच शे वं माय. का?"

"सहज. भलतं चांगलं शे."

"इकाले काढेल शे," आबा म्हणाले. वावर विकायला काढायचं कारण, दोन्ही मुलं सुरतला स्थायिक झाली होती, आणि आता आबांनाही तिकडेच बोलावत होती. "प्लॉट पाडनारा रोज येतस. म्हनतस, नदी दिसस, बंगला बांधसूत. माले पटत नही. मन्हा बापनी खंदेल इहिर शे ती. माले ढोरं बांधनारं गिऱ्हाईक पाहिजे."

"आबा, मी ढोरं बांधाले नही, सोडाले जागा देखस," बाई म्हणाल्या.

आबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग खाटेवर सरकून जागा केली. "बस. कितल्या गावड्या शेतस तुन्या?"

प्रेमराजभाऊ शोधत आले तेव्हा बाई आणि आबा गाईंची वंशावळ उलगडत बसले होते. भाऊंनी विहिरीत डोकावून पाहिलं. मोटर बंद पडलेली दिसताच त्यांनी खिशातून पाना काढला, उकिडवे बसले, आणि पंधरा मिनिटांत पाणी फेकून दाखवलं. पाण्याचा जाड दंडा उन्हात उसळला तसा त्यांचा चेहराही बदलला. परतीच्या वाटेवर सोनगीर येईपर्यंत ते बोटांवर काहीतरी मोजत होते. मग एकदम म्हणाले, "त्या विहिरीला पाच अश्वशक्तीची मोटर लागेल. तीनची कमी पडते."

बाईंनी खिडकीबाहेर तोंड वळवून हसून घेतलं.

किंमत दोघांना झेपण्यासारखी निघाली. आबांनी शब्द दिला, पण मुलांचा तगादा होता म्हणून मुदतही घातली: होळीपर्यंत. उरले होते अठरा दिवस. सगळं जमलं म्हणून दोघं शिरपूरला दस्तलेखकाकडे गेले, आणि तिथं गाडी अडली.

"शेतकरी दाखला?" दस्तलेखकानं विचारलं. "तुमच्या नावावर कुठं जमीन आहे का? सातबारा? शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही."

प्रेमराजभाऊंच्या घराण्यात तीन पिढ्यांत गुंठाभर जमीन नव्हती. बाईंनी गोंधळून विचारलं, "अकरा गाई आहेत साहेब. सव्वीस वर्षं दुधाचा धंदा करते. मी शेतकरी नाही?"

"गाईंचा सातबारा निघत नाही बाई. माहेरी आहे का जमीन?"

माहेर होतं पहूरला. वडिलांची, गिरधर नानांची, नऊ एकर काळी जमीन थोरला भाऊ नवल कसत होता. सात वर्षांपूर्वी वडील गेले, त्यांच्या तेराव्या दिवसानंतर बाईंनी कुठल्याशा कागदांवर सह्या केल्या होत्या. कसले कागद, ते विचारलं नव्हतं. बहिणीनं विचारायचंही नसतं. लेकींनी हक्क सोडायचा आणि माहेर राखायचं, अशीच रीत पाहिलेली. हक्कसोड झालं असेल, तर सगळंच संपलं. झालं नसेल, तरी सातबाऱ्याचं नाव काढलं की भावाला वाटणार, बहीण हिस्सा मागायला आली.

दोन दिवस त्या भावाला फोन लावायला घेत आणि परत ठेवून देत. तिसऱ्या दिवशी गाई प्रेमराजभाऊंवर सोपवल्या आणि त्यांनी जळगावची एसटी धरली. तिथून पहूर.

नवलभाऊ ओट्यावर बसले होते. अवचित आलेली बहीण पाहून ते उठले, पण चेहऱ्यावर काळजी उमटली. पाणी झालं, चहा झाला. बाईंनी पदराशी चाळा करत सगळं सांगितलं: वावर, विहीर, निंब, आबा आणि तो दाखला.

"म्हणून म्हटलं भाऊ, त्या वेळी मी सह्या केल्या, ते कागद कसले होते?"

नवलभाऊंनी कपबशी बाजूला सारली आणि मान खाली घातली. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "हिस्सा पाहिजे का तुला?"

"देवाशप्पथ नाही. मला फक्त उताऱ्यावर माझं नाव आहे का, तेवढं पाहिजे."

आतून पुष्पाबाई, वहिनी, पोळपाटावरचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आल्या. "आहे तुमचं नाव," त्या म्हणाल्या. "सांगा ना हो खरं काय ते."

नवलभाऊंनी मान वर केली. "ते कागद वारसनोंदीचे होते. तुझं, माझं, आईचं, सगळ्यांची नावं लागली. हक्कसोडपत्र मी नंतर करून ठेवलं होतं, तुझ्या सहीसाठी. दर अखाजीच्या सणाला तू आलीस की कपाटातून काढायचो."

"आणि मी दर अखाजीला परत ठेवायला लावायची," पुष्पाबाई म्हणाल्या. "सणाला आलेल्या लेकीच्या हातात सांजोरी द्यायची का स्टॅम्पपेपर?"

"मला वाटायचं, तू एक ना एक दिवस मागशील," नवलभाऊ म्हणाले. "म्हणून तुझा फोन आला की छातीत धस्स व्हायचं. सात वर्षं मी तुझ्याशी मोकळं बोललो नाही कोकिळा. आणि तू आलीस ती नुसतं नाव विचारायला."

बाईंना रडू आणि हसू एकदमच आलं. वहिनींनी पिठाच्या हातानंच त्यांना जवळ घेतलं. नवलभाऊ मात्र एका जागी थांबेनात. त्यांनी मोटरसायकल काढली, बहिणीला मागं बसवलं आणि सेतू केंद्र बंद व्हायच्या आत गाठलं. मशीनमधून सातबाऱ्याचा कागद गरम गरम बाहेर आला. बाईंनी बोट ठेवून वाचलं: कोकिळा प्रेमराज. तीन नावांत तिसरं. पन्नाशीला आलेली बाई त्या केंद्रात कागद छातीशी धरून उड्या मारायची तेवढी राहिली. तिथूनच त्यांनी धुळ्याला फोन लावला.

"अहो, मी शेतकरी आहे!" त्या ओरडल्या. "सात वर्षांपासून आहे! मोटर बघून ठेवा, पाचची!"

होळीच्या चार दिवस आधी शिरपूरला खरेदीखत झालं. साक्षीदार म्हणून सही करायला नवलभाऊ पहूरहून पहाटेच निघून आले होते. झुलालआबांनी अंगठा न उठवता पूर्ण सही केली आणि बाईंना म्हणाले, "इहिरले जप."

मग महिनाभर प्रेमराजभाऊ घरी टिकलेच नाहीत. कुंपणाची भगदाडं बुजवली, हौद बांधला, पत्र्याची सावली उभी केली. पाचची मोटर बसवली त्या दिवशी त्यांनी वर्कशॉपमधल्या सहा जणांना फोन करून पाण्याचा आवाज ऐकवला. दुधाचीही सोय लागली. सकाळचं दूध टेम्पोनं देवपुरात जाणार होतं, आणि गल्लीतल्या बायकांनी आधीच बजावलं होतं, "वास गेला तरी चालेल, दूध जाऊ देऊ नका."

चैत्रात अकरा गाई दोन फेऱ्यांत थाळनेरला आल्या. बाईंनी एकेकीचं दावं सोडलं. जुन्या गाई लगेच कडेकडेनं हुंगत निघाल्या. गौरी मात्र उतरली तिथंच उभी राहिली. गळ्यात दोर नव्हता, पुढे भिंत नव्हती, तरी ती हलेना. बाईंनी पाठीवर थाप मारली, चुचकारलं, पुढे जाऊन हाक मारली. काही नाही.

"तिले कळत नही अजून," खाटेवरून आबा म्हणाले. ते सुरतेला निघाले होते, पण गाई येईपर्यंत हट्टानं थांबले होते. "घाई करू नको."

गौरीनं एक पाऊल टाकलं. थांबली. दुसरं टाकलं. मग नदीकडून वाऱ्याची झुळूक आली, तिनं कान टवकारले, शेपूट उभारलं आणि उतारावरून जी सुटली, ती थेट खालच्या कुंपणापर्यंत. तिथून वळली आणि चारही पाय उधळत पुन्हा वर. तिला पाहून बाकीच्याही उधळल्या. धुळीचा लोट उठला. प्रेमराजभाऊ "अगं हौद! हौद फोडतील!" म्हणत धावले, आणि कोकिळाबाई साडीचा ओचा खोचून, मोठमोठ्यानं हसत गाईंच्या मागे पळत सुटल्या.