ती आल्याशिवाय

आज सकाळी कुणाच्या तरी घरातून ओव्याच्या वाफेचा वास आला आणि सास्तूरमधला करोनाचा तो उन्हाळा पुन्हा माझ्या छातीवर येऊन बसला. भर दुपारी गल्लीतली दारं आतून कडी लावलेली असत. कुठं खोकला ऐकू आला की ऐकणाराच आपला श्वास रोखून धरी.

समोरच्या घरातले म्हातारबा तापानं पडले होते. गल्लीत आमचं एकच घर ख्रिस्ती. म्हातारबा आम्हाला कधी वावगं बोलले नव्हते, पण त्यांनी घरात कधी बोलावलंही नव्हतं. त्या दिवशी त्यांना धाप लागली आणि दवाखान्याची गाडी काही येईना. माझी बायको नर्स म्हणून नुकतीच निवृत्त झालेली. ती पदर खोचून निघाली.

"तुला शुगर आहे. दुसरं कुणीतरी जाईल," मी दार अडवलं.

"कोण जाईल, सांगा."

मी बाजूला झालो.

समोर त्यांचा मुलगा दारातच आडवा आला. "काकी, पर तुमची ती प्रार्थना-बिर्थना..."

"ती माझी मी मनात करीन. तू आधी पाणी तापव."

आमच्या खिडकीतून मला तेवढंच दिसत होतं: धाप कमी व्हावी म्हणून तिनं पालथं निजवलेले म्हातारबा आणि त्यांच्या पाठीवर तिचा हात. पाठ हलायची थांबली की तो हातही थिजे. ऊन कललं तेव्हा कुठं गाडी आली.

मग तिच्या तापाची वाट पाहणं सुरू झालं. बंद खोलीत ती नुसती खाकरली तरी मी स्वयंपाकघरातून धावत जाई. एकदा रागानंच विचारलं, "काय मिळालं तुला?"

दाराआडून ती म्हणाली, "मी लई भ्याले होते. पण त्यांच्या पाठीवर हात ठेवला आन् प्रभू शेजारीच बसलाय असं वाटलं. एवढा जवळ रविवारी आपल्या देवळातबी कधी वाटला न्हाय."

माझा राग काही गेला नाही. तिला ताप आला नाही, म्हातारबाही घरी परतले. मग राग आपोआप विरला.

गेल्या महिन्यात म्हातारबा वार्धक्यानं गेले. सगळी तयारी झाल्यावर मुलगा आमच्याकडं आला. "काकी, चला. तुमी आल्याबिगर उचलायचं न्हाय, असं आबा सांगून गेलेत."

ती गेली. त्यांच्या पायांशी डोळे मिटून उभी राहिली. अंगणात सोयरेधायरे खोळंबले होते, ऊन चढत होतं, आणि घाई करा असं तिला कुणीच म्हणत नव्हतं.