शपथ नको, औषध द्या

सत्तरच्या दशकात मी साताऱ्याला एका सरकारी कचेरीत कारकून होतो, आणि दारुडा म्हणून सगळ्या कचेरीला माहीत होतो. लहानपणापासून माझं चित्त कशावरच ठरत नसे. एक फाईल उघडली की दुसरी आठवायची, ती शोधताना मी भलतीकडंच निघून जायचो. शाळेत मास्तरांनी मारलं, घरी आबांनी. आबा म्हणजे माझे वडील, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले.

दारूचं खरं सांगतो. पहिला ग्लास पोटात गेला आणि डोक्यातला गलका थांबला. त्या दिवशी मी दोन तास एका जागी बसून पुस्तक वाचलं. तेवढ्या शांततेसाठी मी पीत गेलो. पुढं शांतता मिळेनाशी झाली, आणि सकाळी उठल्यापासून हात थरथरायला लागले.

आबांनी चार वेळा मला देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. चारही मोडल्या. पाचव्या वेळी त्यांनी भावकी जमवली.

"आबा, मी शपथ घेणार न्हाई."

"लाज सोडलीस व्हय?"

"लाज हाय म्हणूनच. किती वेळा खोटं बोलू? मला डॉक्टरकडं न्या."

सुभेदाराचं पोरगं वेड्यांच्या डॉक्टरकडं जाणार, म्हणून कुणी हललं नाही. फक्त माझी थोरली बहीण, अक्का, उठली. दुसऱ्या दिवशी ती मला मिरजेला घेऊन गेली.

तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी किती पिता ते विचारलं, आणि मग म्हणाले, "शाळेत कसे होता?" हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेलो. अक्का मध्येच म्हणाली, "जेवताना ताटावरनं चारदा उठायचा."

"अशी मुलं मी पाहिलीत," डॉक्टर म्हणाले. "मोठेपणी त्यांचं काय होतं, ते कुणी फारसं लिहिलेलं नाही. त्यातली काही दारूकडं वळत असावीत."

"मग त्याचं औषध द्या," मी म्हणालो.

"मुलांना एक गोळी देतात. पण तिचीही सवय लागते, ती आज तुमच्या हातात देणार नाही. आधी दारू सुटू दे, मग डोक्याचं बघू."

तीन आठवडे मी वॉर्डात होतो. दारू सुटली आणि गलका परत आला, पहिल्यापेक्षा मोठा. पण डॉक्टरांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी घाबरलो नाही. ती गोळी त्यांनी पुढंही दिली नाही. खुर्चीवर बसायचं काम सोडा, म्हणाले.

मी राजीनामा दिला. सांगलीत मोटारपंप दुरुस्त करायला शिकलो आणि जत भागातल्या विहिरींवरच्या पंपांची कामं धरली. रोज नवं गाव, नवा बिघाड. जळकी मोटार उघडून बसलो की मला जेवायचंही भान राहत नसे. ह्याचं ध्यान लागत नाही म्हणणाऱ्यांनी तिथं येऊन बघायला हवं होतं.

वर्षभरानं मी पुन्हा आठ दिवस प्यायलो. भावकी म्हणाली, बघा, शपथ घेतली असती तर. नवव्या दिवशी मी एकटाच मिरजेला गेलो.

"परत आलोय," मी म्हणालो.

"आपणहून आलात," डॉक्टर म्हणाले, आणि नर्सला खाट तयार करायला सांगितली.